उपाशी माणसांच्या बाई

आमच्या लॅबमध्ये सकाळचा चहा साडेदहाच्या आधी कधी झाला नाही. लॅब सातला उघडायची. जिन्यावर तोवर आठ-दहा माणसं बसलेली असत, सगळी उपाशीपोटी आलेली. त्यातल्या शेवटच्या माणसाचं रक्त काढून होईपर्यंत बाई स्वतः काही खात-पीत नसत आणि आम्हालाही खाऊ देत नसत. "उपाशी माणसासमोर कप घेऊन बसायचं नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. लॅबचे मालक डॉक्टर. ते आठला येऊन नजर टाकून जायचे आणि रिपोर्टवर सह्या करायला परत अकराला यायचे. त्यांनाही आठ वाजता चहाची तलफ आली तर खाली उतरून टपरीवर जावं लागे. वर येताना ते मिशी पुसून येत.

मी मूळची मंडणगडची. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून मुंबईत दोन वर्षं काढली आणि लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा नव्व्याण्णव साल चालू होतं. पहिल्याच दिवशी बाईंनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि त्यातलं गाव तेवढं लक्षात ठेवलं. पुढची सहा वर्षं मी त्यांच्यासाठी 'मंडणगड' होते. त्या स्वतः केळशीच्या. पंचावन्नच्या पुढच्या, उंच, सुती साडीवर पांढरा कोट, चष्म्याला दोरी. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं एकदा एका पेशंटबाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळी साडेदहापर्यंत चहा न मागणारा कोणी भेटला नाही."

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. शिरा मात्र राहत. रस्त्यात कोणी नमस्कार केला की त्या गोंधळून बघत राहायच्या, आणि त्या माणसाने हात पुढे केला की लगेच ओळख पटायची. "हां, तुम्ही. उजव्या हाताला शीर सापडत नाही तुमची. डावीकडे घ्यावं लागतं." डॉक्टरांच्या भाचीच्या लग्नात आम्ही आहेर द्यायला स्टेजवर गेलो, तर बाईंनी नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. वधूपक्षाला वाटलं, आशीर्वाद देतायत. खाली उतरल्यावर मला म्हणाल्या, "काय शिरा आहेत गं मुलाच्या! डोळे मिटून सुई घालावी."

त्या वर्षांत कोलेस्टेरॉल हा शब्द गावात नवा नवा पसरत होता. साखर लोकांना ठाऊक होती. पण रक्तात चरबीही असते, तीत चांगली एक आणि वाईट एक असते, आणि तिसरी ट्रायग्लिसराइड नावाची, जिचा उच्चार कोणालाच जमत नाही, हे लोक तेव्हा शिकत होते. बागायतदार, मास्तर, कोर्टातले क्लार्क, सगळे चिठ्ठ्या घेऊन यायचे. चिठ्ठीवर 'लिपिड प्रोफाइल' लिहिलेलं असायचं. त्यासाठी बारा तास पोट रिकामं हवं. आणि माणसांच्या पोटाच्या बाबतीत बाईंचा कोणावरही विश्वास नव्हता.

त्याला कारणंही होती. उपाशी या शब्दाचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा. कोणासाठी चहा म्हणजे खाणं नव्हे. कोणासाठी चहाबरोबरची दोन बिस्किटं हा चहाचाच भाग. एक आजी साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन आल्या होत्या. बाई रागावल्यावर त्यांनाच नवल वाटलं. "तुम्हीच उपासाने या म्हणालात ना?" एका कंत्राटदाराने तर शपथेवर सांगितलं की काल रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही. त्याचं रक्त फिरवलं तर वरचं सीरम दुधासारखं पांढरं. मग हळूहळू बाहेर आलं की पहाटे शेजारी पूजा होती आणि साजूक तुपातला शिरा दोनदा झाला होता. "प्रसाद म्हणजे काय खाणं असतं का बाई?" तो म्हणाला.

अशा लोकांसाठी बाईंची एक पद्धत होती. रक्त गोठलं की ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर सीरम राहतं. ती ट्यूब त्या खिडकीत धरायच्या, मागे कालचं वर्तमानपत्र. मथळा वाचता आला तर माणूस उपाशी. धुकं दिसलं की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "काय खाल्लंत?" 'खाल्लंत का' असं नव्हे. माणूस नाही म्हणाला तर सीरम वेगळं काढून त्यावर नाव लिहून फ्रीजमध्ये ठेवायच्या. रात्रभर राहिलं की खाण्यातली चरबी दुधावरच्या सायीसारखी वर येऊन बसते. दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा रक्त द्यायला आला की त्याला ती नळी दाखवायच्या. "ही तुमची साय." आमच्या रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा एक रकाना होता. त्यात बाईंच्या अक्षरात एकच शब्द ठिकठिकाणी दिसे. 'खातो.' बायकांसाठी 'खाते.'

लोक याला हसत आणि घाबरतही. डॉक्टर कधीतरी म्हणायचे, "बाई, जरा सबुरीनं." पण कामात त्यांची चूक सापडत नसे, म्हणून ते फार बोलत नसत.

मी नोकरीला लागले त्याच्या पुढच्या वर्षी, भातकापणी आटोपत आलेली असताना, एक माणूस आला. चाळिशी ओलांडलेला, काटकुळा, हाताला जांभ्या चिऱ्याची लाल धूळ कायमची बसलेली. आत डोंगराकडच्या एका वाडीतला, चिरेखाणीत कामाला. चिरा उचलताना छातीत आवळल्यासारखं होतं म्हणून शहरातल्या एका डॉक्टरांकडे आला होता, आणि त्यांनी त्याला आमच्याकडे पाठवलं होतं. पहाटेची पहिली गाडी पकडून आला होता. रक्त दिलं आणि बाहेर बाकावर बसला.

बाईंनी ट्यूब खिडकीत धरली. मथळा सोडा, वर्तमानपत्र आहे की नाही हेही दिसेना. त्या दारात गेल्या. बाहेर बाकावर आणि जिन्यावर माणसं बसलेली.

"काय खाल्लंत?"

तो उठून उभा राहिला. "काय नाय, बाय."

"वडे? भजी?"

"नाय वो. काल रातच्याला आठला भाकरी खाल्ली. तवापासना पोटात काय नाय."

"हे बघा, मी तीस वर्षं हेच बघतेय. खोटं बोलून तुमचंच नुकसान आहे. जा आता, आणि उद्या नीट उपाशी राहून या."

कोणीतरी हसलं. वर केलेली बाही त्या माणसाने खाली घेतली, गुंडी लावली आणि जिना उतरून गेला. बाईंनी रजिस्टरात 'खातो' लिहिलं आणि नळी फ्रीजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. सगळ्यांचं रक्त काढून झालं, चहा आला, तेव्हा बाईंना त्या नळीची आठवण झाली. त्यांनी ती काढली आणि खिडकीपाशी गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत म्हणून मी मागे जाऊन उभी राहिले.

"मंडणगड, साय कुठाय गं?"

साय नव्हती. नळी वरपासून खालपर्यंत सारखीच गढूळ होती. मलाही कोर्समध्ये हे शिकवलेलं होतं आणि बाईंना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं. खाल्लेली चरबी वर तरंगते. जी तरंगत नाही, तशीच मिसळून राहते, ती माणसाच्या शरीराने स्वतः तयार केलेली असते. तो माणूस उपाशीच होता.

बाईंनी चहाला हात लावला नाही. तेच सीरम घेऊन त्यांनी स्वतः टेस्ट लावली. ट्रायग्लिसराइड मशीनच्या मोजण्यापलीकडे गेलं. पातळ करून पुन्हा लावलं, तेव्हा आकडा आला सहाशेच्या पुढे. दीडशेच्या आत असावा लागतो. कोलेस्टेरॉलही बरंच चढलेलं. डॉक्टर अकराला आले तेव्हा त्यांच्या टेबलावर रिपोर्ट तयार होता.

"करून ठेवलात ते बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "आला की देऊ."

"तो येणार नाही," बाई म्हणाल्या. "मी त्याला येण्यासारखं ठेवलेलं नाही."

ज्या डॉक्टरांनी पाठवलं होतं त्यांना फोन केला. त्यांच्याकडेही तो परत गेला नव्हता. पत्ता म्हणून गावाचं आणि वाडीचं नाव तेवढं. फोन पंचक्रोशीत एक, तोही लागेना. बाईंनी शुक्रवार-शनिवार वाट बघितली आणि रविवारी सकाळी मला न्यायला माझ्या घरी आल्या. माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "हिला संध्याकाळपर्यंत आणून सोडते. मी एकटी गेले तर मला तो माणूस ओळखू यायचा नाही."

गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. निम्मी वाट सरल्यावर म्हणाल्या, "आजवर मी कितीजणांना परत पाठवलं असेल गं? त्यातले जे दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत, त्यांच्या नळ्या मी बघितल्या नाहीत. ओतून दिल्या." मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नव्हतं.

गाडीतून उतरून पाऊण तास चाल होती. ऑक्टोबरचं ऊन आणि तांबडी पायवाट. पांढरा कोट घडी करून पिशवीत ठेवायची त्यांची सवय. पण त्या दिवशी ओळख पटावी म्हणून त्यांनी तो वाडीच्या तोंडाशी अंगात घातला. त्याचा परिणाम असा झाला की बायकांनी पोरं उचलून घरात नेली आणि दारं लावली. पोलिओचा डोस पाजायला आलो असं त्यांना वाटलं.

तो माणूस घरीच होता. आम्हाला बघून गडबडला. त्याच्या बायकोने पाणी आणलं. ओटीवर त्याची म्हातारी आई तांदूळ निवडत बसली होती, आणि बाजूला विशीतली एक मुलगी वही तपासत होती. ती त्याची पुतणी, गावातल्या बालवाडीत शिकवायची.

बाई बसल्या नाहीत. "पाणी नंतर. आधी शेजारपाजारची माणसं बोलवा."

"कशाला बाय?"

"नऊ माणसं हवीत. त्या दिवशी बाहेर नऊ होती. मी रजिस्टर बघून आलेय."

काही तरी वाईट सांगणार म्हणून त्याची बायको डोळ्याला पदर लावायला लागली. पुतणी मात्र हुशार, ती उठली आणि घरोघर जाऊन माणसं घेऊन आली. मोजली तर आठ भरली. नववा शेतात होता, त्याला हाक मारून आणलं. तो विळा हातात घेऊनच आला. मग बाई अंगणात उभ्या राहिल्या आणि त्या माणसाकडे तोंड करून म्हणाल्या, "त्या दिवशी नऊ माणसांसमोर मी तुम्हाला खोटारडे ठरवलं. तुम्ही खरं बोलत होतात. माझं चुकलं. मला माफ करा."

वाडीतल्या माणसांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने कोणाला सांगितलंच नव्हतं. तो लाजून लाल झाला. "ऱ्हाव द्या वो बाय. ह्या लोकांना कशाला सांगताव," असं पुटपुटला. विळावाल्याने विचारलं, "झालं? जाऊ मी?"

मग बाईंनी पाणी घेतलं आणि ओटीवर बसून रिपोर्ट समजावून सांगायला लागल्या. सायीचं ऐकून म्हातारीला पटकन कळलं. "मंजे वरसून आलेलं नाय. मुळातलंच हाय."

"बरोबर. मुळातलंच."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "मंग ह्येच्या बापाला पन हेच आसंल."

बाईंनी विचारलं, "काय झालं होतं त्यांना?"

"काय नाय झालं. खळ्यात बसल्या बसल्या गेला. चाळीस वरसाचा पन नव्हता." मग तिने तांदळातले दोन दाणे उचलून बाजूला ठेवावेत तशा आवाजात सांगितलं, की थोरला मुंबईला गिरणीत होता, तो पाळी संपवून येताना गेला. मधला बेचाळिसाव्या वर्षी, झोपेत. ही पुतणी थोरल्याची. "लोक म्हंतात घरात दोष हाय. सगलं करून झालं, बाय. नारळ झाले, कोंबडं झालं."

"दोष आहे," बाई म्हणाल्या. "पण तो काचेच्या नळीत दिसतो. आणि दिसतो त्यावर काहीतरी करता येतं." मग पुतणीकडे वळल्या. "घरात रक्ताच्या नात्याची किती माणसं?"

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी आधी पुतणीला पत्र पाठवलं होतं. शनिवारी रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नाही, चहा नाही, प्रसाद नाही. 'प्रसाद' खाली दोन रेघा. लॅबच्या कपाटात एक जुनं, हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज पडलं होतं. ते तेल घालून मोकळं केलं, थर्मासमध्ये बर्फ घेतला. डॉक्टर म्हणाले, "बाई, केमिकलचा खर्च लॅबचा," आणि टपरीवर चहा प्यायला खाली गेले.

घरातली अकरा माणसं ओटीवर ओळीने बसली होती, पुतणी पहारा देत होती. म्हातारीची फक्त मिश्री राहिली होती आणि त्यावरून नात-आजीचं सकाळपासून वाजलं होतं. "आमच्या जल्मात मिश्रीबिगर उजाडलं नाय," म्हातारी म्हणाली. बाई तिच्याजवळ टेकल्या. "मीपण उपाशीच आहे आजी. ही मंडणगडपण. तुमचं झालं की सगळीच खाऊ." म्हातारीने आम्हा दोघींकडे नीट बघितलं आणि हात पुढे केला.

सेंट्रिफ्यूज ओटीच्या बाकाला आवळून बसवलं. ते फिरवायला जो तो पुढे. विळावाला शेजारी या वेळी रिकाम्या हातांनी आला होता, त्याने सगळ्यात जास्त फिरवलं. अकरा नळ्या ओळीने उभ्या केल्या तेव्हा सगळी वाडी अंगणात जमली होती. सात पिवळ्या, स्वच्छ. चार गढूळ. एक त्याची, एक पुतणीची, एक मधल्या भावाच्या थोरल्या मुलाची आणि एक त्या मुलाच्या बहिणीची. म्हातारीची नळी अशी स्वच्छ की बाई म्हणाल्या, "आजी, यातून पोथी वाचता येईल."

या वेळी 'काय खाल्लंत' असं कोणी विचारलं नाही. पुतणीने आपली नळी स्वतः उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "याच्यावर गोळी हाय ना?" बाई म्हणाल्या, "आहे. पण ती रोज घ्यायला लागते." मग कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी आली. बाईंचा त्या दिवसाचा पहिला घास तोच. दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि म्हणाल्या की केळशीतसुद्धा अशी पिठी होत नाही. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी किंवा नंतर कोणत्याही पदार्थाबद्दल ऐकलं नाही.

चौघांचे उपचार सुरू झाले. शहरातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, छातीची तपासणी करून घेतली. खोदून विचारलं तेव्हा कळलं की खाणीत तो दिवसाला आठ-दहा कप गोडमिट्ट चहा प्यायचा. "जेवान कमी, चाय जास्ती" हा खाणीतला रिवाज. तो बंद झाला. भात निम्म्यावर आला. चिरे उचलायचं काम सोडून तो खाणीतच मोजणीवर बसायला लागला. हे सगळं अमलात आणलं पुतणीने. आजीच्या देव्हाऱ्याशेजारी तिने गोळ्यांचा डबा ठेवला, आणि काकाने गोळी गिळल्याशिवाय त्याला बिडी-काडी काय, चपलासुद्धा मिळत नसत. तीन महिन्यांनी तो रक्त द्यायला आला. बाईंनी नळी खिडकीत धरली आणि त्याला आत बोलावलं. नळीमागच्या पेपरातलं भरती-ओहोटीचं कोष्टक त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.

बाईंमध्ये फार बदल झाला असं मी म्हणणार नाही. चहा साडेदहालाच यायचा. प्रसादवाल्यांना बोलणी बसायचीच, फक्त आता आत बोलावून. पण रजिस्टरमधला तो शब्द गेला. त्या जागी त्या लिहायला लागल्या, 'उपाशी असल्याचे सांगतात.' आणि गढूळ नळी, माणूस परत येवो न येवो, दुसऱ्या दिवशी उजेडात धरल्याशिवाय कधी ओतली नाही. त्यातून पुढच्या वर्षांत आणखी दोन घरं सापडली. एक आरे-वारेच्या वाटेवरचं, एक शहरातलंच, आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीतलं.

दोन हजार पाचला बाई निवृत्त झाल्या आणि केळशीला गेल्या. त्यानंतर तीन वर्षांनी पुतणीचा मला फोन आला. काकाची पन्नाशी करायची होती. त्याची जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती; शाळेच्या दाखल्यावर होती ती एक जून, जी त्या गावातल्या निम्म्या माणसांची आहे. तर तीच धरली होती, आणि बाईंना घेऊन यायची जबाबदारी माझी होती. बाई आदल्या दिवशी केळशीहून माझ्याकडे मुक्कामाला आल्या. सकाळी निघताना म्हणाल्या, "उपाशी निघायचं का गं?" मी म्हटलं, आज नको. तर चहा घेतला, पण अर्धाच.

वाडीत आता रस्ता दारापर्यंत गेला होता. अंगणात मांडव, चुलीवर मोठं पातेलं. शेजारच्यांनी ढोलकी आणली होती. पुतणीचं लग्न होऊन ती कडेवरच्या मुलीसह आली होती, आणि कोणाचं काय चुकतंय ते नेहमीप्रमाणे बघत होती. बाई ओटीकडे गेल्या. तिथे म्हातारी बसली होती, आता बरीच वाकलेली, आणि तिच्या पायाशी, खालच्या पायरीवर, तो. नवं धोतर नेसवायच्या आधी ती त्याच्या डोक्याला तेल लावत होती आणि पन्नाशीचा तो माणूस मुकाट्याने मान खाली घालून बसला होता.

म्हातारीने बाईंना ओळखलं. हात तेलाचे होते म्हणून कोपरानेच जवळ बसायची खूण केली.

"बाय, ह्येच्या बापाचा एक केस पिकला नव्हता," ती म्हणाली. "थोरल्याचा नाय. मधल्याचा नाय. ह्या घरात बाप्याचं पिकलेलं डोकं मी बघितलंच नव्हतं." मग तिने बोटांनी त्याच्या कानामागचे केस बाजूला केले, मागचेही केले, आणि त्याची मान बाईंकडे वळवली. "बघा. किती पिकलेत बघा."

बाईंनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाकून नीट, सगळीकडून बघितलं.

"पुष्कळ पिकलेत हो, आजी," त्या म्हणाल्या. "कलप तेवढा लावू देऊ नका त्याला."